पार्सलवरचं कापड

मुलगी: ...आणि वर म्हणते, या चुका खोट्या आहेत. आई, तूच सांग, चूक कधी खोटी असते का?

आई: कोण म्हणते असं?

मुलगी: ती परदेशातली खरेदीवाली बाई. आत्ता मेल आला. तिसरं सॅम्पलही नापास.

आई: चला, सुटलो एकदाचे. ते सॅम्पलचं गाठोडं आधी ओट्यावरून उचल, मला भांडी पालथी घालायला जागा नाही.

मुलगी: आई, ही ऑर्डर गेली तर माग विकावे लागतील. अकराच्या अकरा.

आई: मग मला एकदा सगळं पहिल्यापासून सांग. दोन महिने घरात नुसती कुजबुज चाललीय. तू आणि तो लंबू विणकर कोपऱ्यात डोकी एकत्र करून बसता आणि मी आले की हवापाण्याच्या गप्पा. मी काय दुधखुळी आहे?

मुलगी: सांगते. पण बाबा कुठे आहेत?

आई: कुठे असणार! खिडकीत, खुर्चीवर. सकाळची गोळी घेतली की अकरापर्यंत पेंगतात. बोल तू.

मुलगी: आपली जुनी गिऱ्हाइकं तुटली, ते तुला माहीत आहे. चादरी, अभ्रे, पडदे, सगळं त्यांना मोठ्या गिरण्यांकडून मिळतं, आपल्या निम्म्या भावात. म्हणून मी नवा देश शोधला. युरोपातलाच, पण पार पलीकडच्या कडेचा. तिथे आत्ता आत्ता लोकांच्या हातात चार पैसे खेळायला लागलेत. नवी घरं, नवी दुकानं. त्यांच्या आईबापांच्या पिढीत म्हणे सगळ्यांच्या खिडक्यांना एकाच कारखान्याचे एकसारखे पडदे होते. आता प्रत्येकाला शेजाऱ्याकडे नसेल ते हवंय.

आई: बरं. मग?

मुलगी: तिथल्या एका दुकानांच्या कंपनीला मी बारा नमुने पाठवले. आपलं उत्तमातलं उत्तम. बारीक सुताचा पलंगपोस, जाळीचे पडदे, काही म्हणजे काही सोडलं नाही. आणि नेहमीसारखं वरून कापडात शिवलं.

आई: कापडातच शिवायचं. खोक्याचा काय भरवसा? पाणी लागलं की लगदा. आपल्याकडे पहिल्यापासून नापास कापडातच पार्सल शिवतात.

मुलगी: तेच नडलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नमुने छान आहेत, पण असा माल आम्हाला दहा ठिकाणी मिळतो. ज्या कापडात पार्सल शिवलं होतं, ते किती देऊ शकाल?

आई: अगं बाई! वरचं कापड?

मुलगी: टेबलाच्या मधोमध अंथरायच्या पट्ट्या करायच्यात तिला त्याच्या. चाळीस दुकानं, प्रत्येकी दोन. ऐंशी पट्ट्या. त्या खपल्या तर मग अभ्रे, पडदे, आपलं बाकीचंही घेईन म्हणते.

आई: मग घोडं अडलंय कुठे? नापास कापड काय, म्हणशील तेवढं विणून देतील.

मुलगी: नाही ना देता येत! ते कापड म्हणजे कुठे दाट, कुठे विरळ, काठ कधी आत गेलेला, कधी बाहेर. लंबूदादाला म्हटलं, असं विण. तो म्हणाला, ताई, दोन शिव्या द्या, पण चुकायला सांगू नका. तरी विणलं बिचाऱ्याने. पण त्याची चूकही मोजूनमापून. दर वीतभर अंतरावर एक दाट पट्टा. बाईने लगेच ओळखलं. मग दुसऱ्या एकाकडून करून घेतलं, त्याचं नुसतंच गचाळ झालं. तिसऱ्या खेपेला लंबूदादालाच डाव्या हाताने धोटा मारायला लावला. तर म्हणे, खोट्या चुका.

आई: तर मग ते मूळ कापड ज्याने विणलं त्यालाच बसव की. सोपं आहे.

मुलगी: हो ना.

आई: अशी काय बघतेस?

मुलगी: जिन्याखालच्या पेटीतलं कापड होतं ते.

आई: जिन्याखाली कुठलं आलंय कापड... थांब. यांचं?

मुलगी: हळू बोल.

आई: गेल्या वर्षी हात थरथरायला लागल्यावर विणलेलं? ते तर विकलं गेलं म्हणालीस तू! उंबऱ्यातूनच ओरडत आलीस, बाबा, तुमचा अख्खा तागा गेला. तो माणूस त्या दिवशी किती महिन्यांनी पोटभर जेवला!

मुलगी: मग काय सांगणार होते? बाबा, तुमचं कापड कोणी फुकटही नेणार नाही, असं?

आई: आणि त्यात पार्सलं शिवत होतीस.

मुलगी: पॅकिंगवालीने काढलं पेटीतून. मला नंतर कळलं.

आई: नंतर म्हणजे कधी?

मुलगी: पहिल्या पार्सलनंतर.

आई: आणि दुसरं?

मुलगी: दुसरंही त्यातच शिवलं. पडूनच राहिलं असतं ना, आई.

आई: शाबास.

मुलगी: तू मला नंतर हवं ते बोल. बाईने शेवटची म्हणून महिन्याची मुदत दिलीय. बाबांनाच बसवायला हवं. दुसरा इलाज नाही.

आई: खबरदार त्यांना काही बोललीस तर! आठ महिने झाले माग सोडून. आत्ता कुठे शांत झालाय तो माणूस.

मुलगी: शांत? आई, ते पेंगतात.

आई: हात तर हलत नाही ना! घास तोंडापर्यंत नीट जातो. मला तेवढं पुरे आहे.

मुलगी: मी फक्त विचारते. नाही म्हणाले तर नाही.

आई: तुझं ‘फक्त विचारते’ मला चांगलं ठाऊक आहे.

*

बाबा: दार लोट. वाऱ्याने कांड्या घरंगळतात.

मुलगी: काय करताय?

बाबा: सूत निवडतोय. निळ्यात एक हिरवी कांडी गेलीय. तुझ्या माणसांना निळा नि हिरवा एकच दिसतो. बस. मालकीणबाई आज इकडे कशा?

मुलगी: सहज.

बाबा: सहज आलेलं माणूस बसतं. तू दारात उभी आहेस.

मुलगी: बाबा, तुम्हाला परत मागावर बसावंसं वाटतं का?

बाबा: हा प्रश्न आहे की बातमी?

मुलगी: तुमचं कापड परदेशातल्या एका बाईला आवडलंय. तिला टेबलावर अंथरायच्या पट्ट्या हव्यात. ऐंशी. तुमच्याच हातच्या.

बाबा: कुठलं कापड?

मुलगी: गेल्या वर्षीचं. तो तागा विकला गेला होता ना, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला असावा.

बाबा: जिन्याखालून?

मुलगी: काय म्हणालात?

बाबा: पोरी, पन्नास वर्षं विणतोय मी. माझं कापड मला लांबून ओळखू येतं. मागे एकदा पॅकिंगवाली त्याच्या तुकड्याने खिडकीच्या काचा पुसत होती. म्हटलं, बाई, पुसतं का चांगलं? म्हणाली, हो, पाणी छान पितं. म्हटलं, चला, कुठे तरी कामाला आलं.

मुलगी: बाबा... मला बोलला का नाहीत?

बाबा: तू इतकं मन लावून खोटं बोलली होतीस. दोन गिऱ्हाइकं त्या ताग्यावरून भांडली, ते सुद्धा सांगितलं होतंस. माझ्याने मोडवलं नाही.

मुलगी: चुकलं माझं.

बाबा: असू दे. कापड नापासच होतं. मी असतो तर मीही जिन्याखालीच टाकलं असतं. बरं, त्या बाईचं काय? तिला खरंच आवडलं?

मुलगी: खरंच. मेल दाखवते तुम्हाला.

बाबा: आंधळी आहे का?

मुलगी: बाबा!

बाबा: नाही, विचारतो. काठ बघितला असशील ना तू? बैल मुतल्यासारखा काठ.

मुलगी: तिला चालला तो.

बाबा: चालला असेल. मोठ्या मनाची दिसते. पण तिने चालवून घेतलं म्हणून आपण पुन्हा तसंच गळ्यात मारायचं? आता हात बरा आहे माझा. बघ. हलतो का? नीट बघ.

मुलगी: नाही हलत.

बाबा: मग! तिला असा काठ देतो की त्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी. माझा माग कोणाकडे दिलायस?

मुलगी: कोणाकडेच नाही. तसाच ठेवलाय.

बाबा: आठ महिने? चालता माग रिकामा ठेवायचा, हा कसला धंदा? जा, लंबूला सांग ताणा चढवायला. आणि तुझ्या आईच्या कानावर आत्ताच घालू नकोस. ती मला खुर्चीला बांधून ठेवील.

मुलगी: बाबा, एक मिनिट. ती बाई, म्हणजे तिला काठ...

बाबा: काय?

मुलगी: काही नाही. घाई करू नका, एवढंच.

*

आई: काय गं बाई हे! हात फिरवून बघ जरा. लोण्यासारखं झालंय. आणि काठ बघ, काठ! मी उगाच तुझ्यावर डाफरले. तीन दिवस मागावर बसले आणि एक गाठ नाही, एक धागा सुटलेला नाही.

बाबा: सुटेल कसा? झोप येत होती म्हणून वीतभर विणलं की उठून तोंडावर पाणी मारत होतो. म्हणून तीन दिवस लागले. एरवी हे एका दिवसाचं काम.

आई: लंबू सुद्धा बघून गेला. म्हणाला, वहिनी, मला नाही जमायचं असं. अगं, तू काहीतरी बोल की! मिठाची गुळणी धरलीस का तोंडात?

मुलगी: छान झालंय.

बाबा: मालकीणबाई, छान झालेल्याला पोटात दुखल्यासारखं छान म्हणत नाहीत.

मुलगी: नाही, खरंच. सुंदर आहे, बाबा. मी लहान असताना तुमच्या मागाखाली बसून बघायचे, तस्सं.

बाबा: मग कात्री आण. आजच्या आज पाठवलं तर आठवड्यात पोचेल. आणि पार्सल शिवायला या वेळी जरा बरं कापड घे.

मुलगी: बाबा, हे नाही पाठवता येणार.

आई: म्हणजे काय?

मुलगी: मी यांना अर्धंच सांगितलं होतं.

बाबा: उरलेलं अर्धं सांग.

मुलगी: काठ वाकडा असूनही बाईला कापड आवडलं, असं नाही. काठ वाकडा आहे म्हणूनच आवडलं. तिने तसं लिहिलंय. विणणारं माणूस मधे दमलं, थांबलं, परत लागलं, ते सगळं त्या कापडात दिसतं म्हणे. यंत्राला ते जमत नाही. आपली तिन्ही सॅम्पलं त्यापायीच परत आली.

बाबा: म्हणजे हे सरळ आलं म्हणून नापास?

मुलगी: हे पाठवलं तर ती पुन्हा तेच म्हणेल. असा माल दहा ठिकाणी मिळतो.

बाबा: दहा ठिकाणी.

मुलगी: मी विणू द्यायलाच नको होतं तुम्हाला. तुम्ही इतक्या हौसेने उठलात, मला बोलवेना.

बाबा: थांब. मला नीट समजून घेऊ दे. पन्नास वर्षं मी विणलं, ते दहा ठिकाणी मिळतं. आणि ते चार महिने, धोटा हातात धरवत नव्हता, सूत ओढायला गेलो की हात भलतीकडेच जायचा, मी मागावर बसून रडायचो आणि तुम्ही दोघी बाहेरून दार लोटून घ्यायचात... ते कुठे मिळत नाही.

आई: अहो, नका ना असं बोलू.

बाबा: त्यांना माझं कापड नाही गं आवडलं. माझं दुखणं आवडलं.

(शेडमधले बाकीचे माग चालू असतात.)

बाबा: गोळी बंद केली तर किती दिवसांत हात पहिल्यासारखा होईल?

आई: काय बोलताय हे!

बाबा: विचारतोय.

आई: विचारायचंसुद्धा नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय? मधेच सोडायच्या नाहीत. सोडल्या तर पुन्हा एवढा गुण येईलच असं नाही. तुमच्यासमोर सांगितलंय.

बाबा: मी पेंगत असेन.

मुलगी: बाबा, विषय संपला. मी आजच बाईला कळवते, आम्हाला जमणार नाही म्हणून.

बाबा: आणि माग?

मुलगी: विकू.

बाबा: आणि लंबू?

मुलगी: लंबूदादा गिरणीत लागेल. त्याला बोलावणं आलंच आहे. बाकीचेही कुठे ना कुठे लागतील.

बाबा: गिरणीत तो यंत्राशेजारी उभा राहील. धागा तुटला की लाल दिवा लागतो, तो बघायला. तीस वर्षं माझ्याशेजारच्या मागावर बसलाय तो.

मुलगी: बाबा, ऐका माझं. ऐंशी पट्ट्यांपायी मी तुमचा हात घालवणार नाही.

आई: ऐकलंत? एकदा तरी शहाण्यासारखं बोलली. चला, उठा आता. औषधाची वेळ टळून गेली.

*

मुलगी: माग बघायला आला होता तो माणूस. दोनच घेतो म्हणाला. हॉटेलच्या दाराशी शोभेला ठेवायचेत. बाकीचे लाकडाच्या भावाने.

आई: हो का.

मुलगी: तुला काहीच वाटत नाही? लंबूदादा समोर उभा होता. तो माणूस मागावर हात आपटून लाकूड तपासत होता, आणि लंबूदादा म्हणतो, हळू साहेब, ताणा चढवलेला आहे.

आई: वाटून काय करू? ते बाजूला ठेव आणि ही घडी उलगड.

मुलगी: हे काय? बाबांचंच का? मला वाटलं नुसतं मन रमवायला बसतात. हे कधी विणलं?

आई: गेल्या दहा दिवसांत. तू मागांना गिऱ्हाइकं शोधत फिरत होतीस तेव्हा.

मुलगी: आई... हा काठ बघ.

आई: बघितला.

मुलगी: इथे दाट, इथे विरळ. इथे तर बाणा पार सैल पडलाय. आई, हे तेच कापड आहे. गोळ्या घेतात ना ते?

आई: डबीतून रोज तीन कमी होतात.

मुलगी: आणि जातात कुठे?

आई: मोरीत.

मुलगी: तुला माहीत होतं? आणि तू नुसती बघत राहिलीस?

आई: बघत नाही राहिले. मीच टाकते.

मुलगी: आई!

आई: ओरडू नकोस. त्या दिवसानंतरच्या सकाळी मी गोळी हातावर ठेवली, तर म्हणाले, आज नको, आज मला जागं राहायचंय. मी भांडले. दुपारी ठेवली, पुन्हा तेच. संध्याकाळी मग ठेवलीच नाही मी.

मुलगी: असं करवलं कसं तुला? तूच ना म्हणत होतीस, खबरदार?

आई: म्हणत होते. पण तू बघितलंस का गं त्यांना हे आठ महिने? बसवलं की बसायचे, उठवलं की उठायचे. हात हलत नव्हता हे खरं, पण बाकीही काही हलत नव्हतं. एकदा मी मुद्दाम भांडण काढलं, तर हो म्हणाले आणि डोळे मिटले. परवा धोटा हातातून निसटून खाली पडला, तर इतकी घाणेरडी शिवी घातली त्यांनी मागाला! मी दाराआड उभी होते. किती दिवसांनी घरात नवरा असल्यासारखं वाटलं मला. आता बोल, काय करायला हवं होतं मी?

मुलगी: मला सांगायला हवं होतं.

आई: तुला सांगितलं असतं तर तुला थांबवावं लागलं असतं.

मुलगी: थांबवलंच असतं मी!

आई: मग बाईला तो ‘जमणार नाही’चा मेल का नाही पाठवलास?

मुलगी: कोण म्हणतं नाही पाठवला?

आई: परवा लंबूने विचारलं, ताई, कळवलं का? तू म्हणालीस, नेट बंद आहे. दहा दिवस नेट बंद? मला त्यातलं काही कळत नाही, पण तुझं तोंड मला वाचता येतं. माग विकायला फिरतेस, आणि मेल पाठवत नाहीस. तूही वाटच बघत होतीस.

मुलगी: मला वाटलं, काहीतरी मार्ग निघेल.

आई: निघाला. रडू नकोस, कापडावर डाग पडेल. घडी घाल आणि पाठव.

मुलगी: परत सुरू करू या ना, आई. गोळ्या. आजपासून.

आई: तू जाऊन सांग त्यांना. शेडमध्येच आहेत.

मुलगी: सांगते.

आई: जा की मग.

मुलगी: आधी हे कुरियरला देऊन येते. पाचला बंद होतं ते.

*

बाबा: परत वाच. सावकाश.

मुलगी: ‘कापड मिळालं. आम्हाला हेच हवं होतं. ऐंशी नगांची ऑर्डर पक्की समजावी. बाकीच्या मालाचे भावही कळवावेत, नवीन दुकानांसाठी पडदे आणि अभ्रे घेण्याचा विचार आहे.’

बाबा: लंबूला सांगितलंस?

मुलगी: सांगितलं. तो परत जाऊन मागावर बसला. ऐका ना, कसा ठोकतोय ते.

बाबा: ऐकतोय. दोन माणसांचं काम करतोय गाढव. ऐंशी पट्ट्या म्हणजे सव्वाशे मीटर धर. माझ्याच्याने रोज मीटरभर होतं, दिवस चांगला असला तर.

मुलगी: पाच महिने दिलेत तिने. हाताचं काम आहे, वेळ लागणारच, म्हणते.

बाबा: समजूतदार बाई आहे.

मुलगी: पाच महिने झाले की लगेच गोळ्या सुरू. मी डॉक्टरांशी बोलते. उद्याच बोलते.

बाबा: बोल.

मुलगी: मधे एक दिवस जरी वाटलं ना, की नको...

बाबा: बोल म्हटलं ना. इतकी घाबरतेस कशाला? आणि पट्ट्या खपल्या, बाईने आणखी मागितल्या, तर?

मुलगी: नाही म्हणेन मी.

आई: म्हणशील ना?

मुलगी: म्हणेन गं, आई.

आई: बरं.

बाबा: खाली अजून काहीतरी लिहिलंय. मला दिसतंय.

मुलगी: विशेष काही नाही.

बाबा: पुन्हा अर्धंच?

मुलगी: प्रत्येक पट्टीला एक चिठ्ठी अडकवायचीय तिला. कापड कोणी विणलं ते सांगणारी. त्यावर फोटो हवाय. विणणाऱ्याच्या हातांचा.

बाबा: आणि चेहरा?

मुलगी: चेहरा नको म्हणते. नुसते हात. तिकडच्या गिऱ्हाइकांना ते आवडतं म्हणे.

बाबा: बरोबर आहे. चेहऱ्याने कोण विणतं? काढ.

मुलगी: आत्ता?

बाबा: आत्ता उजेड बरा आहे. कुठे ठेवू?

मुलगी: कापडावर ठेवा. दोन्ही. हां, असे. अंगठा थोडा आत... बाबा, पुसट येतोय.

बाबा: दुसरा काढ.

मुलगी: हाही पुसट. बाबा, फक्त एक क्षणभर हात जरा...

बाबा: जरा काय?

मुलगी: काही नाही.

बाबा: स्थिर ठेवा, असंच ना? ठेवलाय, पोरी. हा ठेवलेलाच आहे.

मुलगी: राहू दे. मी लंबूदादाच्या हातांचा काढते. तिकडे कोणाला कळणार आहे?

आई: अजिबात नाही. विणलंय यांनी, तर हातही यांचेच जातील. सरक तू तिकडे. मी खालून मनगटं धरते. माझी बोटं फोटोत येणार नाहीत, तेवढं बघ.